माझ्या दारात गाडी तापत नव्हती

माझं माहेर माकणीकडचं. आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजान व्हतं, आन बाप रानात पाण्याची दारं धरायला गेला की मला इंजानापाशी बसवायचा. म्हणायचा, ही जी बारकी नळी बाहेर येती ना, तिच्या पाण्याखाली हात धर, हात धरवंना झाला की मला हाक मार. बाकीच्या पोरी सागरगोटे खेळायच्या, मी त्या कोमट पाण्याखाली हात धरून बसायची. शाळा चौथीपतुरच झाली, पर इंजान तापलं म्हंजे काय, ते असं हाताला कळलंय मला, कुणी शिकवलं न्हाय.

लगीन होऊन नळदुर्गला आले. मालकाचं हायवेला गॅरेज, म्हंजे पत्र्याचं शेड आन म्होरं एक बाभळ. सोलापूर-हैदराबादचे ट्रक थांबायचे. मालक गाडीखाली झोपून पाना मागायचे, मी द्यायची, देता देता बोल्ट बी खोलायला लागले, आन कवा गाडीखाली मी झोपायला लागले आन पाना ते द्यायला लागले ते दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाय. ते गेले तवा शेड बंद करा म्हणणारे लई भेटले. म्या तेराव्यानंतर दार उघडलं आन बसले.

पर आज मला शेडचं सांगायचं न्हाय. मला माझ्या दिराचं सांगायचंय, आन सांगताना माझा आवाज चढला तर चढू द्या, तुमी लिहीत ऱ्हावा.

विलास माझा धाकटा दीर. अणदूरच्या शेतात घर बांधून ऱ्हातो. त्याची बायको शांता, माझी जाऊ, पर जाऊ नावाला, माझ्या पाठची भैनच ती. नवी आली तवा चुलीपुढं बसून माहेरासाठी रडायची आन मी तिला शेंगदाण्याची मूठ देऊन गप करायची. त्या शांताच्या किडन्या गेल्या. काय सांगू तुम्हाला, चांगली हिंडती-फिरती बाई. आता आठवड्यातनं दोनदा सोलापूरला न्यायचं, मशीनीवर रगत धुवायचं, आन तिथली येळ ठरलेली असती. मशीनीची एक पाळी चुकली की तोंड सुजतं, दम लागतो, आडवं झोपता येत न्हाय. पाणी बी मोजून प्यायचं. आपल्याकडचा उन्हाळा तुमाला ठावं हाय, त्यात घोट घोट करून दिवस काढायचा. म्हंजे तिचा जीव कशावर, तर त्या मशीनीवर आन मशीनीपतुर नेणाऱ्या गाडीवर.

आन ती गाडी तापायला लागली.

विलासचा फोन आला, वैनी, काटा लाल रेषेला जातोय. म्या पहिल्यांदा इचारलं, कवा तापती, उभी असताना का पळताना? कारण उभी असताना तापली तर पंखा बघायचा, पळताना तापली तर पाणी फिरतंय का ते बघायचं. विलास म्हणाला, दोनी येळंला. म्हणलं, घेऊन या भावजी.

आणली. शेडात चालू ठेवली, रेस करून ठेवली. काटा निम्म्यावर गेला आन तिथंच बसला. पंखा चांगला, पट्टा चांगला, पाण्याचा पंप चांगला. रेडिएटर खोलला तर आत भांड्याला बसतो तसा पांढरा खार. म्हणलं, हेच. आपल्याकडं सगळे बोअरचं पाणी घालतात, त्या पाण्यानं आपली घागर पांढरी व्हती तर गाडीच्या बारक्या नळ्यांचं काय व्हईल. सगळा खार काढला, कूलंट घातलं, बोअरचं पाणी बंद म्हणून बजावलं, आन सोता बसून तुळजापूरच्या रस्त्यानं लांब चक्कर मारून आले. काटा निम्म्यावर. माझं मन निवांत झालं.

पुढच्याच खेपेला परत तापली. त्याच्या पुढच्या खेपेला परत. विलास काय करायचा, रोडला उभी करायची, टोपण काढायचं, तापल्या इंजानात गार पाणी वतायचं आन परत पळवायची. एक दिस बोरामणीच्या अलीकडं गाडीनं पांढरा धूर सोडला आन बसली. शांताला कुणाच्या तरी टेम्पोत बसवून दवाखान्यात पाठवलं, पर पोचेस्तवर तिची पाळी दुसऱ्याला देऊन झालेली. दुसऱ्या दिवशी नंबर लागला. त्या रातीत ती भिंतीला पाठ लावून बसून व्हती, म्हणती, आक्का, पाण्यात बुडाल्यावानी वाटतं. कोरड्या जागेवर बसून पाण्यात बुडायचं, आसं दुखणं हाय ते.

गाडी टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागं ओढत माझ्या दारात आली. टोपण काढून चालू केली तर पाण्यात बुडबुडे, आन ऑइल झालं व्हतं दुधाच्या चहागत. म्हंजे हेडचं, इंजानाच्या वरच्या झाकणाचं, गास्केट गेलेलं, पाणी आन ऑइल एक झालेलं. म्या हेड उतरवलं, सोलापूरला मशीनवर सपाट करून आणलं, नवं गास्केट टाकलं, बोल्ट मधल्यापसून बाहेरच्याकडं थोडे थोडे आवळत आणले, एकदम एक बी आवळला न्हाय. आन विलास बाभळीखाली बसून मला म्हणतो, वैनी, तुमच्यानं व्हत नसंल तर सोलापूरच्या मोठ्या गॅरेजात दाखवू का? म्या राग गिळला. म्हणलं, दाखवा भावजी, अवश्य दाखवा, मला काय बक्षीस घ्यायचं न्हाय.

नेली तिकडं. ती पोरं बी हुशार व्हती, त्यांनी बी सगळं तपासलं, नवा रेडिएटर टाकला. त्यांच्या दारात बी काटा निम्म्यावर. आन सोलापूरला शांताला घेऊन निघाली की परत लाल. माझ्या दारात तापत न्हाय, त्यांच्या दारात तापत न्हाय, आजारी बाई आत बसली की तापती. गावातली एक शहाणी मला म्हणाली, शांतालाच काय तरी बाहेरचं असंल. म्या तिला पुन्ना शेडात पाय ठेवू दिला न्हाय.

मंग एका मंगळवारी फोन आला, विलासचा न्हाय, शांताचा. आवाज असा बारीक. आक्का, आमी नळदुर्गच्या म्होरं सोलापूर रोडला उभं हाओत, हे पाणी आणायला गेलेत. एक ओळखीचा ट्रकवाला माझ्या दारात चहा पीत व्हता, त्याचा चहा अर्धा ठेवून, कूलंटचा डबा घेऊन मी त्याच्या केबिनीत चढले. माझे गुडघे कसे हायत ते तुमी बघताच, पर चढले.

उतरले तर शांता लिंबाच्या तुटक्या सावलीत, तोंडावर पदर घेतलेला. आन विलास कॅन घेऊन गाडीपाशी. मी म्होरनं गेले आन बघतच ऱ्हायले. ह्या दिव्यापसून त्या दिव्यापतुर, घड्यावर घड्या घालून, गाठीवर गाठी मारून, जरीच्या काठाचं हिरवं लुगडं बांधलेलं. वर हळद-कुंकू. म्होरच्या जाळीचं एक भोक दिसत न्हाय.

हे काय म्हणलं. म्हणाला, तुळजापूरच्या आईचं लुगडं हाय वैनी, देवीला नेसवलेलं, पुजाऱ्यानं प्रसाद म्हणून दिलंय. शांता बरी व्हईपतुर गाडीला बांधून ठेवायचं बोललोय. म्हणलं, मंग माझ्या शेडात का न्हाय दिसलं? तर काय म्हणावं त्यानं. म्हणाला, तुमच्या शेडात सगळे तेलाचे हात, देवीच्या वस्त्राला विटाळ नगं, म्हणून तुमच्याकडं यायच्या आधी सोडून देव्हाऱ्यात ठेवत व्हतो. मोठ्या गॅरेजात नेताना बी तसंच. टोचन लावलं तवा बी आधी सोडून पिशवीत घातलं.

काय सांगू तुम्हाला. आयुष्यभर त्याला भावजी, तुमी असं बोलले, त्या दिवशी अरे-तुरेवर आले. म्हणलं, अरे, ही जाळी म्हंजे गाडीचं नाक, तू नाक दाबून हिला पळवतोस आन दम लागला म्हणून आमच्या दारात आणतोस? गाडीला कॅनच्या कॅन पाणी पाजतोस आन ही बाई घोटाला महाग होऊन तिथं बसलीय, तिला रोज बघायला लावतोस? देवी तुला म्हणाली व्हय, माझं लुगडं लोखंडाला बांध? देवीच्या अंगावरचं वस्त्र ते, इंजानाच्या वाफेत उकडायला दिलंय तिनं?

आन म्या गाठ सोडायला हात घातला. त्यानं माझं मनगट धरलं. वैनी, तेलाचे हात. हात लावू नगा.

म्या मनगटाला हिसका दिला. हेच तेलाचे हात रे, म्हणलं, ह्याच्यावर तुझी बायको सोलापूरला पोचती. तो काय सोडंना. त्याचे डोळे बघितले, तो बी भ्यालेला व्हता, लई भ्यालेला. त्याला वाटत व्हतं ती गाठ सुटली की शांता गेली.

तवा शांता उठली. लिंबाला धरून उठली आन हळू हळू आली. मला न्हाय, त्याला म्हणाली, आवं, ते माझ्यासाठी बांधलंय न्हवं? मंग मलाच नेसवा की. मी काय विटाळ हाय व्हय?

विलासनं माझं मनगट सोडलं. शांतानं सोताच गाठी सोडायला घेतल्या, मशीनीच्या सुया टोचून टोचून तिचा हात कसा झालाय, बोटात जोर न्हाय, तरी मला हात लावू दिला न्हाय आन त्याला बी न्हाय. एकेक गाठ सोडली. लुगडं झटकलं, धुरळा उडाला, आन अंगावरच्या लुगड्यावरनंच खांद्याभवती लपेटून घेतलं. विलास रोडकडं तोंड करून उभा ऱ्हायला.

इंजान निवू दिलं. टोपणाला हात लावायचा न्हाय म्हणून त्याला लांब उभं केलं. निवल्यावर कूलंट भरलं, चालू केली, आन मी म्होरं काट्याकडं बघत बसले. निम्म्यावर. बोरामणी गेली, टोल गेला, सोलापूर आलं, निम्म्यावर. पाळी उशिराची मिळाली, पर त्याच दिशी मिळाली.

आता लोकं मला म्हणतात, झालं ना, मंग राग कशाला. कसा जाईल राग? त्यानं एकदा इचारलं असतं, वैनी, जाळीवर कापड बांधलं तर चालतं का, एवढंच. देवीला इचारलं, पुजाऱ्याला इचारलं, मला तेवढं न्हाय. आन त्याची भक्ती मला दिसत न्हाय असं न्हाय, दिसती म्हणून तर जास्ती जळफळाट व्हतो. बायकोवर एवढी माया, आन त्याच मायेनं तिला उन्हात बसवली.

शांता बरी न्हाय झाली. व्हईल असं डॉक्टर बी म्हणत न्हायत. ती ते हिरवं लुगडं सोलापूरला जाताना नेसती, मशीनीपाशी बायका इचारतात, कुठलं घेतलं गं, तर हसती. देवीनं तिला असंच ठेवावं, मशीनीवर का व्हईना, पर ठेवावं. आन विलासला बी उदंड आयुष्य द्यावं, अक्कल बी द्यावी, दोनी एकदम जमत नसंल तर आधी अक्कल द्यावी. उद्या तिची मशीनीची पाळी हाय. गाडी आणून लावलीय त्यानं बाभळीखाली, शेडात यायला अजून लाजतो. म्या काय हाक मारली न्हाय. चला, उठते, उजेड हाय तवर पट्टा बघून घेते.