डोळे अंधाराला सरावेपर्यंत

(कलकत्त्यातल्या एका इस्पितळातली एक्स-रेची खोली, १९७४ सालचा हिवाळा. डॉक्टर कालिंदी आणि पोट तपासून घ्यायला आलेले, तिच्या वडिलांचे मित्र श्यामराव.)

श्यामराव : आणि हा लाल चष्मा कशाला गं? बालीगंजच्या ट्रॅममध्ये बसलीस तर लोक सही मागतील.

कालिंदी : डोळे तयार करतेय, काका. झालं आता, काढते. दिवाही घालवते. डोळे अंधाराला सरावले की किरण थोडे सोडले तरी पडद्यावर पोट स्वच्छ दिसतं.

श्यामराव : थोडे का? घरच्या माणसाशी काटकसर?

कालिंदी : घरच्यांशी जास्तच. किरण म्हणजे काय आमरस आहे, आग्रह करून वाढायला? लागतील तेवढेच द्यायचे. जास्तीचे बाधतात.

श्यामराव : बाधू देत! आमच्या मनोहरदादाचं कळलं तेव्हा कॅन्सर पोटभर पसरला होता. मला आज सोक्षमोक्ष हवाय.

कालिंदी : तोच करायचाय. हा पेला धरा दोन्ही हातांनी. मी सांगितलं की एक घोट; त्यानंच पोट पडद्यावर उमटतं.

श्यामराव : यात घातलंय काय? थांब, बघतो.

कालिंदी : काका, काडी ओढू नका!

श्यामराव : ओढली.

कालिंदी : विझवा! गेले माझे डोळे.

श्यामराव : अरे देवा! दिसेनासं झालं?

कालिंदी : दिसतंय हो. पण सगळं पहिल्यापासून. आता पुन्हा अंधारात बसायचं, डोळे सरावेपर्यंत.

श्यामराव : त्यापेक्षा वाढव की जरा करंट. चूक माझी, भोगेन मी.

कालिंदी : चूक तुमची, वाट दोघांनी बघायची. काड्यापेटी इकडे द्या.

श्यामराव : घे बाई. बाहेर सरला म्हणत असेल, हे आत राहायलाच गेले की काय.

कालिंदी : काकूंना वाटेल, लोडशेडिंग झालं.

श्यामराव : कालिंदी...

कालिंदी : हं?

श्यामराव : दादालाही असंच सुरू झालं होतं. आधी आंबट ढेकर, मग रात्रीचं दुखणं. सरलाला बोललो नाही मी.

कालिंदी : मला बोललात, बरं केलंत. चला, सरावले डोळे. या फळीला पाठ टेकवा. घ्या घोट.

श्यामराव : शी! खडू उगाळून दिलास की काय?

कालिंदी : बोलू नका, पोट हलतं. तुमच्या बडबडीनं चित्र बिघडतं, कमी किरणांनी नाही. अजून एक घोट. डावीकडे वळा. श्वास धरा... धरा... सोडा.

श्यामराव : जन्मात एवढा गप्प राहिलो नव्हतो. दिसलं काही?

कालिंदी : दिसलं. जठर संपून आतडं सुरू होतं ना, तिथे छोटासा व्रण आहे, अल्सर. त्या जागचा व्रण कॅन्सरचा सहसा नसतोच. जठर अगदी चांगलं आहे.

श्यामराव : अंधारात बघून सांगतेस. नक्की?

कालिंदी : भरताना बघितलं, रिकामं होताना बघितलं. नक्की. औषधानं बरं होईल. सिगारेट मात्र आजपासून बंद.

श्यामराव : बंद तर बंद. दादासारखं नाही म्हणजे...

कालिंदी : काका? दिवा लावते हं आता.

श्यामराव : थांब गं. जरा वेळ राहू दे अंधार.