एकच उघडा चेहरा

समारंभाचे अध्यक्ष आणि प्रभाग सांस्कृतिक समितीचे प्रमुख माननीय निशिवाकी, मंचावरील पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आमचे दिग्दर्शक कुवाबारा, आणि शिंजुकूच्या या तळघरातल्या चित्रपटगृहात तीस वर्षं दाटीवाटीनं बसत आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

कुवाबारा उद्या होक्काइदोला, मुलीकडे कायमचे राहायला निघतील. निरोपाला गोड बोलायचा शिरस्ता आहे. पण त्यांना गोड बोललेलं कधी पचलंय का?

आज दाखवायचा चित्रपट आम्ही विद्यापीठाच्या संपात, बाकं रचून अडवलेल्या वर्गांत केला. मी नन्सच्या शाळेतून आलेली, आवाज टिपायला हातात माइक. "साध्वीबाई, माइक जरा खाली. देव नाही, आपण बोलतोय," असं कुवाबारा मला ओरडायचे.

पोलिसांनी ओळखू नये म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, नाकातोंडावर टॉवेल. संकलनाला बसलो तेव्हा कोण बोलतंय हे आमचं आम्हालाच कळेना. सगळ्यात जळजळीत घोषणा आपलीच, असा प्रत्येकाचा दावा.

"क्रांतीला चेहरा नसतो," एकजण म्हणाला.

"मग मघापासून आरसा कोण अडवून बसलंय?" कुवाबारांनी विचारलं.

चित्रपटात उघडा चेहरा एकच. शेवटी एक मुलगा टॉवेल सोडतो आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणतो, "आपण आता एकमेकांनाच बडवायला लागलोय. मी घरी चाललो."

ते कापा, शत्रू हसेल, असा बैठकीत आग्रह झाला. "हसू दे. आपण खोटं का बोलायचं?" म्हणत कुवाबारा रीळ मांडीवर घेऊन बसले. एकमताशिवाय काहीच कापायचं नाही, हा आमचा नियम. रीळ वाचलं.

आज दुपारी अध्यक्ष महोदय मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोर्चे दाखवा, शेवट वगळा. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

महोदय, तो मुलगा तुम्ही होतात. इतक्या वर्षांनी मी तुमचं ऐकू का? तुम्हाला 'पळपुटा' म्हणणारे आवाज माझ्या टेपवर आहेत. त्यातल्या एकानंही टॉवेल सोडला नव्हता. आमच्या पराभवाबद्दल खरं बोलणारे तुम्ही एकटे, आणि तेच मी तुम्हाला पुसू देणार नाही.

आपण सगळे आलात, मनापासून आभार. माझ्या बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. चित्रपटात मात्र एक चौकटही उणी होणार नाही. निशिवाकी, या, कुवाबारांच्या शेजारी बसा.

दिवे मालवा.