मधला हिरवा

पेंटर : दुकानाच्या पाटीवरचा निळा गोल पुसायचा, एवढं कळलं. पण मधलं हे हिरवं कुणाचं, ते आधी ठरवा. शिडीवर उभं राहून पाय भरून आले माझे.

धाकटी : निळ्याचंच आहे ते. पुसा.

थोरली : अगं वा! निळा माझ्या पिवळ्यावर चढला म्हणून हिरवा झाला ना? मग पिवळ्याचं.

पेंटर : हे बघा, निळ्याबरोबर ते पुसलं तर तुमचा पिवळा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसेल. वरून पिवळा फासला तर हिरवट डाग राहील. मग म्हणाल, पेंटरनं वाट लावली. मोठमोठ्या कंपन्या आपल्या चिन्हात असे गोल एकमेकांत अडकवतात. का, तर ते सुटे करताच येऊ नयेत.

थोरली : आमची कसली आलीय कंपनी! पाटी लहान पडली, एवढंच. जेवणाचं ताट ठेवून गोल काढले होते. पहिला माझा, शिवणकामाचा, चांगला ऐटीत काढला. मग हिच्या रंगकामाला जागाच उरली नाही.

धाकटी : बघा, आपल्याच तोंडानं कबूल केलं.

थोरली : मी ताटाचं बोलतेय!

धाकटी : मीही ताटाचंच बोलतेय, ताई. मी रंगवलेलं कापड हातात धरून लोक मलाच विचारतात, "तुम्ही शिवणाऱ्या बाईंची बहीण का?"

थोरली : म्हणून दुकान सोडून चाललीस?

धाकटी : त्याची सवय झाली होती. पण त्या पांढऱ्या झग्यावर माझ्या रंगाचे शिंतोडे उडाले, तेव्हा तू गिऱ्हाइकासमोर काय म्हणालीस? "तुझा रंग उचल आणि चालती हो." उचलला. मागच्या गल्लीत जागा घेतली. पाटीवरचा तेवढा राहिलाय.

पेंटर : मी चहा पिऊन येतो.

थोरली : थांबा हो! छोटे, तोंडातून निघून गेलं गं. त्या झग्यावर डोळे फोडून काम केलं होतं मी.

धाकटी : नंतर तरी म्हणायचं होतंस, राहा म्हणून.

थोरली : तू रंगाचे डबे भरत होतीस, मी मशीनवर बसून बघत होते. जीभ रेटली नाही, काय करू?

पेंटर : मग मी काय करू? मधोमध कापू पाटी?

थोरली : कापू म्हणे! छोटे, आठवतं? गणिताच्या पुस्तकात दोन गोल होते आणि खाली लिहिलं होतं, "छेद दाखवा." ही बया कात्री घेऊन बसली! मधली पाकळी कापून बाईंसमोर धरली.

धाकटी : हसू नका हो पेंटर. आईही शिवायची. आमच्या घरात छेद म्हटलं की कात्रीच हातात यायची. ताईनंच मग त्या भोकाला मागून कागद चिकटवून दिला.

थोरली : आणि काय सांगितलं होतं तुला?

धाकटी : छेद म्हणजे कापायचं नाही. दोघांत सामाईक असेल ते.

थोरली : हं.

पेंटर : सामाईक आहे, तर पुसायला मला कशाला बोलावलं?

थोरली : छोटे, तू जा. खरंच जा. तिथं पाणी आहे, उजेड आहे, माझे कपडेही डागांतून सुटतील. इथं आपण दोघी मावत नाही, हे मलाही कळतं. पण निळा पुसू नकोस. रोज कुलूप उघडताना मला बघवणार नाही.

धाकटी : आणि माझ्या नव्या पाटीचं काय? ती चांगली ऐसपैस आहे. दोन ताटं सुटी सुटी बसतील.

थोरली : बसतील. तुझी पाटी, तू ठरव.

धाकटी : पेंटर, तिकडेही असेच काढा. एकमेकांत. फक्त पहिला निळा.

थोरली : डांबरट कुठली!

पेंटर : मधे हिरवाच येणार, आधीच सांगतो. द्या ते ताट इकडे.

थोरली : न्या, पण जेवायच्या आत परत आणा. तिचंच ताट आहे ते.

धाकटी : ताई, तिकडे गेल्यावर दुपारी मी जेवायचं कुठं?

थोरली : इथंच. ते छेदात येतं.