दुपारी खाली येणारी रेघ

मी सिदू आसाराम ढाकणे, वय २३ वर्षे, शिक्षण चौथी, धंदा मजुरी, रा. नांदूरघाट, ता. केज, जि. बीड, कामानिमित्त सध्या राजस्थानात. काल दिलेल्या तक्रारीबाबत समक्ष विचारल्यावरून पुरवणी जबाब देतो की,

मी तिकडे सोलरच्या प्लांटवर काचा पुसतो. वडील वारलेत. घरी आई छबुबाई एकटी असते. शेजारी सख्खे चुलते बद्रीनाथ राहतात, ते दूध सोसायटीचे सचिव आहेत. गेल्या साली मी आईच्या स्लॅबवर सोलर बसवले. वीज किती तयार होते ते मला मोबाईलवर रेघेत दिसते.

होळीपासून ती रेघ ऐन दुपारी एकदम खाली येऊ लागली. ऊन उतरले की परत वर. आभाळ आले म्हणावे तर यंदा आभाळ कुठे आहे. आईला फोनवर विचारले तर म्हणायची, सगळं बेस हाय, तू जेवलास का. चुलत्यांना विचारले, तेही म्हणाले सगळं बेस हाय. दोघांचे बोलणे एकच निघाले तिथे मला संशय आला. सोसायटीचे दूध थंड करायचे मशीन आमच्या भिंतीला लागून आहे. आमचा करंट तिकडे ओढतात असे मी धरून चाललो. न कळवता आलो, घरी न जाता आधी येथे पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्यावरून चुलत्यांना आज सकाळी बोलावून बसवले.

दुपारी हवालदार साहेबांसोबत स्लॅबवर गेलो. सोसायटीकडे वायर गेलेली नाही. प्लेटांवर वाकळ अंथरलेली, कोपऱ्यांना दगड. शेजारी पाण्याची टाकी पोत्यांनी झाकलेली. आई शिडीजवळ गुडघा धरून बसली होती. म्हणाली, "टाकी उघडी ठिवली की उन्हानं पाणी आटतं. मग करंट कावून उघडा ठिवायचा?"

वाकळ रोज चुलते टाकायचे. आज ते येथे बसलेले, म्हणून आई स्वतः चढली.

चुलत्यांना येथे विचारले असता ते म्हणाले, "लई सांगितलं वहिनीला, झाकू नका. ऐकंना. ती चढून पडण्यापरीस मीच टाकतो." मला का कळवले नाही, विचारले. म्हणाले, "तू तिला बोलला असतास."



चुलत्यांवर माझी तक्रार नाही. मी उद्या कामावर जाणार. त्यांना परत बोलवायचे झाल्यास दुपारचे बोलवू नये. आई ऐकणारी न्हाई.

हा मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे.

सही/- सिदू ढाकणे