पुसलेली पारवी

दाते सर : ...तेव्हा राग मानू नका, रंभाबाई. कॉलेजच्या समितीनं तुमचं नाव वगळलंय. झाडपाला गोळा करायच्या नोकरीवर दुसरा माणूस घेतील.

रंभाबाई : कशापायी? रंगावरनं नाव पडलेली झाडं-पाखरं सांगा म्हनलात, धा सांगितली. चुकलं काय?

दाते सर : नऊ बरोबर. राखी बगळ्याला तर सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ही दहावी वेल, पारवी. पारव्याच्या रंगाची म्हणालात, आणि नमुन्याच्या कागदावर चिकटवलेलं पान हिरवंगार. अध्यक्ष म्हणाले, बाईनं नाव मनचं ठोकून दिलं.

रंभाबाई : मनचं? माज्या आजीपास्नं पारवीच म्हनतात तिला. दाखवा कागद.

(दाते सर पिशवीतून कागद काढतात.)

रंभाबाई : पान मीच तोडलेलं. पर ह्याच्यावरची राख कुटं गेली? देठाला धरून आनलं हुतं मी, बोट लागू दिलं न्हाई. कागदात कुनी घातलं?

दाते सर : मीच. आधी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसलं. धुळीनं भरलं होतं.

रंभाबाई : कसली धूळ?

दाते सर : रस्त्याची. पौडाकडून एसटी येते ना...

रंभाबाई : ताम्हिणीच्या कातळावर यष्टी जातीया व्हय? हे घ्या, सकाळीच आनलंय. आंगठा फिरवा.

दाते सर : अरेच्चा. खाली हिरवं आहे. आणि अंगठा निळसर राखी झाला.

रंभाबाई : पारवा कधी हातात धरलाय? त्याचीबी अशीच भुकटी लागती हाताला. म्हनून पारवी.

दाते सर : बारा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय मी. आणि फडक्यानं पुसून टाकलं.

रंभाबाई : मला ही नोकरी पायजे, सर. मालक गेल्यापास्नं डोंगर मीच हिंडतीया. हितलं पान न् पान माज्याइतकं कुनाला ठावं न्हाई. हे माज्याच तोंडानं सांगते, दुसरं कोन सांगनार?

दाते सर : उद्याच समितीला हे नवं पान दाखवतो.

रंभाबाई : आन् जुनं?

दाते सर : जुनं... खराब झालं म्हणेन.

रंभाबाई : न्हाई. दोनी शेजारी ठिवा. आन् कुनी पुसलं त्ये सांगा.

दाते सर : सगळ्यांसमोर? फार अवघड आहे हो.

रंभाबाई : मंग मी येते संगट. तुमी सांगा, मी शेजारी हुबी ऱ्हाते.