पोर्टलवरचा पाइप

अहो, आमच्या शेजारच्या वानखेडे साहेबांचं काय करावं, तुम्हीच सांगा. नोएडात आमच्या सोसायटीसमोर तो मोठा फ्लायओव्हर होतोय ना, तिथे ते अधिकारी आहेत. काम काय, तर साइटवर एकाला जे कळलं ते सगळ्यांना कळवायचं. म्हणजे मी सोसायटीत फुकट करते तेच!

काल सकाळी नळाला पाणी नाही. गॅलरीतून बघते तर जेसीबीने पाण्याचा पाइप फोडलेला. गेल्या महिन्यात फोडला होता तोच पाइप, तीच जागा! तेवढ्यात वानखेडे रिकामी बादली घेऊन दारात.

"वहिनी, थोडं पाणी द्या ना. नागपूरहून सासूबाई आल्यात, डोक्याला शिकेकाई लावून बसल्यात."

पिंपातून बादली भरता भरता मी विचारलंच, "भाऊजी, पाइप कुठून जातो ते मागच्या वेळी कळलं होतं ना?"

"बिल्कुल! त्याच दिवशी नकाशा पोर्टलवर टाकला."

"मग जेसीबीवाल्याने बघितला नाही?"

"तो कसा बघणार? पासवर्ड हेड ऑफिसकडे असतो."

"अहो, पण खणतं कोण? हेड ऑफिस?"

"चिडू नका, वहिनी. या वेळी काय चुकलं ते मी सविस्तर लिहून काढलंय."

"अच्छा! मग दिलंत त्या जेसीबीवाल्याला?"

"पोर्टलवर टाकलंय ना."

मी भरलेली बादली पुन्हा पिंपात ओतली आणि म्हटलं, "सासूबाईंना सांगा, पाणी पोर्टलवर टाकलंय."