माळाची साक्ष

मी लिहावं एवढी माझी लायकी नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्याचं बोलणं कागदावर उतरवताना आपण त्यात ढवळाढवळ तर करत नाही ना, ही धास्ती वाटते. तरी किसनमामा जसे बोलत गेले तसं लिहून काढलं आहे. काही निसटलं असेल तर चूक माझी, त्यांची नाही.

आमी धनगर. गोरेगावच्या वरल्या अंगाला आमचा माळ हाय, बापानं ठेवलेला, आज्यानंबी तिथं मेंढरंच चारली. पिकत काय न्हाई, मुरूम नुसता. कडंला दगडं, पण मधला तुकडा तळहातासारखा सपाट, झाड न्हाई का झुडूप न्हाई. आमचे व्याही हसायचे, म्हणायचे किसनराव, इथं शेत करायचं देव इसरूनच गेला. अन् काय सांगू तुम्हाला, त्याच माळासाठी एक मॅडम जीप करून आल्या.

म्हणल्या मामा, आम्हाला अशीच उघडी, एकसारखी जमीन पाहिजे. मी म्हणलं काहून? तर म्हणल्या, वर एक उपग्रह फिरून राहिला, जमिनीवरून परतलेला उजेड तो मोजतो, त्याच्यावरून कुठं पीक वाळलं, कुठं पाणी आटलं ते कळतं. पण वर गेल्यावर त्याचा डोळा नीट राहिला का न्हाई, हे कसं कळावं? म्हणून तो डोक्यावरून जाईल त्याच वक्ताला आमी खाली उजेड मोजायचा अन् दोन्ही जुळवून बघायचं. मला बराबर समजलं. बाजारात वजनाचा काटा तपासायला साहेब येतो तसंच हे, फरक एवढाच की हा काटा आभाळात.

त्यांचं मागणं एकच, महिनाभर तिथं जनावर घालू नका. मी मेंढरं लांब नेली, तकलीफ झाली, पण नेली. मधल्या तुकड्याला त्यांनी खुंट्या मारून दोऱ्या ओढल्या.

ठरल्या दिवशी सकाळी मी आमच्या मंडळीला म्हणलं, एवढी शिकलेली माणसं येऊन राहिली, दारात पाहुणा आला तर आपण सडा टाकतो, अन् यांना काय धुळीत उभं करायचं? मग दोघांनी घागरी नेल्या, शेण कालवलं, अन् दोऱ्यांच्या आतच चांगला दाट सडा टाकला. मॅडम जीपमधून उतरल्या अन् बघतच राहिल्या. रागावल्या न्हाई. हळूच म्हणल्या, मामा, ओल्या शेणानं जमीन काळी पडली, आता ही मोजता येत न्हाई. आमची मंडळी म्हणली, बघा, अक्कल यांची अन् घागर माझ्या डोक्यावर!

उपग्रह पुन्हा तिथं यायला सोळा दिवस. तेवढे दिवस आमी दोघं उन्हात बसून शेणाचे पापुद्रे येचत होतो, हातानं, एक एक.

सोळाव्या दिवशी ते आले. अंगात समद्यांच्या काळे कपडे. मॅडम मला म्हणल्या, मामा, जरा लांब उभे राहा, तुमच्या फेट्याचा उजेडबी यात येतो. माझ्या फेट्याचा! आयुष्यभर फेटा बांधला, त्याच्यातून उजेड निघतो हे मला कुणी सांगितलं होतं? एक जण पाठीवर पेटी अन् हातात नळी घेऊन एक एक पाऊल चालायचा, मधीच मापाला म्हणून एका पांढऱ्या पाटीवर नळी धरायचा, पुन्हा जमिनीवर. साडेदहा वाजले. मी वर बघितलं, काय न्हाई, नुसतं निळं. आवाज न्हाई का सावली न्हाई. मॅडम म्हणल्या, गेला. एवढा मोठा डोळा आमच्या मुरमाकडं बघून गेला, अन् लांब चरणाऱ्या मेंढराचा कानबी हालला न्हाई.

पंधरा दिवसांनी फोन. मॅडम म्हणल्या, मामा, जुळत न्हाई. आमी खाली मोजला त्याच्यापेक्षा वरून उजेड कमी दिसला. एक तर डोळ्यात फरक, न्हाई तर सड्याचा अंश कुठं राहिला, कुठं न्हाई, अन् जमीन एकसारखी राहिली न्हाई. आमी शोधून राहिलो.

ते ऐकल्यापासून मला घास गोड लागंना. त्या डोळ्यावरून कुणाचं पीक वाळलं ते ठरणार, अन् मी त्याच्या तपासणीत शेण कालवलं. गोरेगावात स्टँडवरचे जीपवाले इचारायचे, काय मामा, झाला का उपग्रह पास? मंडळी म्हणायची, पास न्हाई झाला, मास्तरच नापास. मी हसायचो, पण आतून न्हाई. पाऊस येऊन गेला, सोयाबीन निघालं, फोन न्हाई.

परवा आला, मॅडमचाच. मेंढरं पाण्यावर होती. देव त्या लेकराला औक्ष देवो, इसरली न्हाई. म्हणली मामा, आमी लांब दुसऱ्या मुलखात, दुसऱ्या जमिनीवर जाऊन मोजलं. तिथंबी वरून तेवढाच उजेड कमी आला. डोळाच जरा अंधुक झाला होता, आता त्याचे आकडे सुधारले. तुमचा माळ खरं बोलत होता.